पांढरे मस्तक

वर्गाच्या मध्यभागी एका उंच तिवईवर एका वृद्ध माणसाचे मस्तक ठेवलेले होते. ते प्लॅस्टरचे होते आणि पांढरेशुभ्र होते. डोक्यावर केस जवळजवळ नव्हतेच. गाल बसलेले, मान शिरांनी ताणलेली, दात गेल्यामुळे ओठ आत ओढले गेलेले. परंतु त्या ओठांच्या कोपऱ्यांत असे काही हसू होते की, समोर बसणाऱ्यास हा म्हातारा आपल्यालाच हसतो आहे, असे वाटावे. त्याच्यासमोर सतरा वर्षांचा एक मुलगा हातात कुंचला घेऊन उभा होता. मुंबईच्या त्या कलाशाळेत येऊन त्याला जेमतेम महिना झाला होता.

मुलगा पेणचा. त्याच्या घरी तीन पिढ्या गणपती घडविण्याचा धंदा चालत आला होता. मूर्तीचे अंग रंगविणे हे घरातील कोणाचेही काम. पण डोळ्यांची आखणी करण्याचा मान एकट्या वडिलांचा असे, आणि गेल्या दोन वर्षांपासून तो मान या मुलाकडे आला होता. बारीक टोकाच्या ब्रशाने पापणीची रेघ, बुबुळाचे वर्तुळ आणि शेवटी त्यातला पांढरा ठिपका दिला की, इतका वेळ नुसती वस्तू असलेली मूर्ती एकाएकी पाहू लागते. हा चमत्कार त्याने शेकडो वेळा केलेला होता. म्हणून वर्गात मास्तरांनी "हे मस्तक तेलरंगात रंगव" असे सांगताच तो ब्रश घेऊन सरळ तिवईकडे निघाला. मागची मुले हसली. मास्तर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "अरे, मस्तकावर नव्हे. त्याला हात लावायचा नाही. ते जसे दिसते, तसे या कॅनव्हासवर उतरवायचे."

"पण मास्तर, ते तर नुसते पांढरे आहे," मुलगा म्हणाला.

"तसे असेल, तर तुला फार रंग लागणार नाहीत," एवढेच बोलून मास्तर निघून गेले.

हे मस्तक म्हणजे फ्रान्समधील प्रख्यात लेखक व्हॉल्तेअर याच्या अर्धपुतळ्याची प्रतिकृती होती. अठ्ठावीस वर्षे पॅरिसपासून दूर राहिल्यानंतर १७७८ सालच्या आरंभी व्हॉल्तेअर त्या शहरात परत आला. त्या वेळी त्याचे वय ८३ वर्षांचे होते. ऊदाँ नावाच्या शिल्पकाराने त्याला समोर बसवून त्याचे मस्तक घडविले. आणि त्याच वर्षी ३० मे रोजी व्हॉल्तेअर मरण पावला. ऊदाँच्या त्या मस्तकाच्या प्रतिकृती पुढे जगभर पसरल्या. अशा प्रतिकृतींसाठी जे प्लॅस्टर वापरतात, ते जिप्सम नावाचा दगड भाजून तयार होते. भाजताना दगडातील बरेचसे पाणी निघून जाते आणि मऊ पीठ उरते. त्या पिठात पुन्हा पाणी घातले की ते थोड्याच वेळात घट्ट होते, आणि घट्ट होताना किंचित फुगते. त्यामुळे साच्यातील केसाएवढी रेघसुद्धा त्यात उमटते. पॅरिसजवळच्या टेकड्यांत हा दगड विपुल सापडत असे, म्हणून त्यास प्लॅस्टर ऑफ पॅरिस असे नाव पडले. पेणच्या मुलाला या पिठाची ओळख नव्याने करून द्यावी लागली नाही, हे सांगायला नकोच.

मुलाने पहिले चित्र तीन दिवसांत संपविले. त्याने कोळशाने बाह्यरेषा काढली, ती बरीच बरोबर आली. मग नळीतून पांढरा रंग भरपूर काढून सारा चेहरा भरून टाकला. त्यावर काळ्या रंगाने एकेक सुरकुती रेखली. शेवटी, घरच्या सवयीप्रमाणे, डोळ्यांची आखणी केली. काळे बुबुळ, त्यात पांढरा ठिपका. चित्र भिंतीशी लावून तो मागे सरला आणि त्याचा चेहरा उतरला. चित्रातला म्हातारा कागद कापून चिकटविल्यासारखा सपाट दिसत होता. कपाळावरच्या सुरकुत्या भूगोलाच्या नकाशातील नद्यांसारख्या वाटत होत्या. डोळे मात्र टक लावून पाहत होते, आणि तेच सर्वांत वाईट होते. कारण तिवईवरचा म्हातारा असा पाहत नव्हता.

मास्तरांनी चित्रावर टीका केली नाही. त्यांनी काळ्या कागदाची एक वीतभर लांबीची नळी करून मुलाच्या हाती दिली आणि खिशातला धुतलेला पांढरा रुमाल खिडकीपाशी टांगला. "एक डोळा मिटून या नळीतून आधी रुमाल पाहा. मग म्हाताऱ्याचा खिडकीकडचा गाल पाहा. मग दुसरा गाल." मुलाने तसे केले. रुमाल पांढरा होता. खिडकीकडचा गाल रुमालापेक्षा थोडा मळकट, किंचित निळसर. दुसऱ्या गालावर नळी रोखताच त्याला तेथे गाल दिसेनाच. दिसला तो एक तपकिरी करडा तुकडा, ओल्या पोत्याच्या रंगाचा. त्याने नळी काढली. गाल पुन्हा पांढरा! नळी लावली, पुन्हा तपकिरी. असे त्याने किती वेळा केले, कोण जाणे.

यात जादू काही नाही. वस्तूवर उजेड किती पडला आहे याचा हिशेब आपले मन आपल्याला न विचारताच करून टाकते. उन्हातला करडा कागद सावलीतल्या पांढऱ्या कागदापेक्षा डोळ्यांकडे पुष्कळ अधिक उजेड पाठवितो. तरीही आपण पहिल्याला करडा आणि दुसऱ्याला पांढराच म्हणतो. संसारात ही सोय मोठी उपयोगाची आहे, नाही तर संध्याकाळी आपला सदरा आपल्यालाच ओळखता आला नसता. परंतु चित्रकाराला हीच सोय आडवी येते. तो वस्तू कशी आहे हे रंगवू लागतो. ती कशी दिसते आहे हे त्याला दिसतच नाही. नळीमुळे आजूबाजूचे सारे झाकले जाते, मनाला हिशेब करायला आधार उरत नाही, आणि डोळ्यांपुढे जे खरोखर आहे तेवढेच शिल्लक राहते.

याच कारणासाठी युरोपातील कलाशाळांनी विद्यार्थ्यांना जिवंत माणसापूर्वी प्लॅस्टरच्या पुतळ्यांसमोर बसविण्याची पद्धत पाडली होती. पुतळा हलत नाही, दमत नाही, मजुरी मागत नाही. त्याला कातडीचा गुलाबी रंग नसतो, काळे केस नसतात. त्यामुळे छाया आणि प्रकाश यांखेरीज लक्ष वेधणारे दुसरे काही उरत नाही. पिकासोनेही बारा-तेरा वर्षांचा असताना स्पेनमधील कोरुन्ना येथे प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून अभ्यासचित्रे काढली होती. ती आज पाहिली, तर इतक्या लहान मुलाचा हात असा कसा चालला, याचे नवल वाटते.

सर्वांनाच ही शिस्त रुचली असे नाही. व्हिन्सेंट व्हॅन गॉग हा डच चित्रकार १८८२ साली हेग शहरी मॉव्ह नावाच्या आपल्या वडीलधाऱ्या चित्रकार नातलगाजवळ शिकत होता. मॉव्हने त्याला प्लॅस्टरच्या हातापायांवरून चित्रे काढावयास सांगितली. व्हिन्सेंटला ते इतके झोंबले की, घरी येऊन त्याने प्लॅस्टरचे ते नमुने कोळशाच्या पेटीत भिरकावून फोडले. जिवंत माणसे जगात असताना या मेलेल्या वस्तू कशाला, असा त्याचा सवाल होता. परंतु त्याची हकीकत येथे संपत नाही. १८८६ साली तो पॅरिसला गेला, आणि आपल्या रंगांत आणि आकारांत कोठे उणे आहे, हे त्याला स्वतःलाच जाणवू लागले. मग तेथे त्याने आपण होऊन प्लॅस्टरच्या लहान पुतळ्यांची अनेक तेलचित्रे काढली. कोणी सांगितले नव्हते; परीक्षा नव्हती. त्यांतील काही चित्रांत पांढऱ्या पुतळ्यामागे गर्द निळा रंग आहे, आणि पांढऱ्याच्या अंगावर निळ्या, हिरवट, पिवळसर छटा उघड दिसतात.

आपल्याकडे मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले, त्यातही पुढे ग्रीक आणि रोमन पुतळ्यांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांपुढे आल्या. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली या शाळेत दाखल झाले. विद्यार्थी आणि नंतर शिक्षक म्हणून त्यांनी तेथे एक्केचाळीस वर्षे घालविली, आणि त्या वर्षांची हकीकत मराठीत लिहून ठेवली. गणपतराव म्हात्रे यांनी देवळाकडे निघालेल्या मराठी तरुणीचा 'मंदिरपथगामिनी' हा सुप्रसिद्ध पुतळा विद्यार्थिदशेतच प्लॅस्टरमध्ये घडविला. जिवंत माणसास समोर बसवून शिकविण्याचे वर्ग या शाळेत १९१९ साली नियमितपणे सुरू झाले. हिंदी मुलांनी परक्या देशातील देवदेवतांची नाके का म्हणून गिरवावी, असा आक्षेपही त्या काळी घेतला गेला. कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेचे प्रमुख हॅवेल यांनी १८९६ नंतर भारतीय कलेच्या अभ्यासाला अग्रस्थान देऊन पुतळ्यांवरील भर काढून टाकला, तेव्हा विरोध केला तो तेथील काही विद्यार्थ्यांनीच! हॅवेल यांच्या म्हणण्यात तथ्य होते. नाकाचा घाट कोणता सुंदर मानावा, हे परक्याने शिकवू नये. पण नाकाची सावली ओठावर कशी पडते, हे पॅरिसला आणि पेणला सारखेच आहे. शिवाय ज्या ग्रीक पुतळ्यांच्या शुभ्रपणाचे एवढे कौतुक झाले, ते मुळात रंगविलेले होते. काळाच्या ओघात त्यांचे रंग उडून गेले. ग्रीक कारागीर पेणच्या कारखान्यात आला असता, तर त्याला तेथे फारसे परके वाटले नसते.

श्रावणात वडिलांचे पत्र आले. चतुर्थी जवळ आली होती, आखणीला माणूस हवा होता. पत्राच्या शेवटी एक वाक्य होते: "तिकडे जमत नसेल, तर परत येण्यास संकोच करू नये, येथे काम पुष्कळ आहे." मुलाने पंधरा दिवसांची रजा मागितली. परत येईन की नाही, हे त्याने सांगितले नाही. मास्तरांनीही विचारले नाही. त्यांनी काळ्या कागदाची नळी तेवढी त्याच्या पिशवीत टाकली.

पेणला पाऊस कोसळत होता. कारखान्यात दाराकडून आतपर्यंत रांगेने मूर्ती मांडलेल्या होत्या. त्यांना पांढरा हात दिलेला होता, रंग अजून चढायचा होता. जन्मापासून हे दृश्य तो पाहत आला होता. या वेळी दारात उभा राहिला आणि तसाच थांबला. दाराजवळचा गणपती पावसाच्या उजेडात निळसर झाला होता. त्याच्यामागचा मातकट करडा. आणखी मागे, कंदिलाजवळचे दोघे पिवळे, त्यांच्या सोंडेखालच्या सावल्या जांभळट. शेवटच्या ओळीतले तर अंधारात विरून तपकिरी झाले होते. सत्तर-ऐंशी पांढऱ्या मूर्ती, आणि त्यांत पांढरी अशी एकही नाही! वडील आतून म्हणाले, "काय रे, आत ये ना, भिजतोस का?" पिशवीतली नळी काढण्याची त्याला गरज पडली नव्हती.

मूर्ती घरोघरी गेल्यावर तो मुंबईला परतला आणि जुना कॅनव्हास बाजूस ठेवून नवा घेतला.

या वेळी त्याने सुरुवात हळू केली. कॅनव्हास मस्तकाच्या शेजारी उभा केला, सहा पावले मागे जाऊन पाहावयाचे आणि पुढे येऊन खूण करावयाची, असा क्रम ठेवला. गवंडी वापरतात तसा लहान ओळंबा डोळ्यांपुढे धरून कपाळाच्या कोणत्या बिंदूखाली नाकाचे टोक येते, कानाच्या पाळीखाली मानेचा कोणता भाग येतो, हे त्याने ताडून घेतले. मग तपकिरी मातीरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून छायेचा सारा भाग एकसंध भरून काढला. त्यात सुरकुत्या नाहीत, पापण्या नाहीत. डोळे किलकिले करून पाहिले असता जे दोनच भाग दिसतात, एक उजेडाचा आणि एक छायेचा, तेवढेच. एवढ्यानेच म्हातारा गोल दिसू लागला. सुरकुतीची एक रेघही अजून पडलेली नव्हती.

तेलरंगात घाई चालत नाही. जलरंगातील पाणी उडून जाते आणि रंग वाळतो. अळशीचे तेल उडून जात नाही, ते हवेतील प्राणवायू शोषून घेऊन घट्ट होते. त्यास काही दिवस लागतात, थर जाड असल्यास अधिक. म्हणून खालचा थर पातळ आणि कमी तेलाचा, वरचे थर अधिकाधिक तेलाचे, असा नियम आहे. तो मोडला, तर वरचा थर आधी आवळतो, खालचा मागाहून हलतो, आणि चित्राला भेगा पडतात. रंगात तेल मिसळण्याची युक्ती युरोपातच निघाली, अशी समजूत फार दिवस होती. परंतु अफगाणिस्तानातील बामियानच्या लेण्यांत सातव्या शतकातील चित्रांमध्ये वाळणारे तेल वापरलेले आढळल्याचे २००८ साली संशोधकांनी प्रसिद्ध केले. जुने चित्रकार पांढऱ्यासाठी शिशापासून केलेला रंग वापरीत, तो विषारी. आता बहुतेक ठिकाणी टिटॅनियमचा पांढरा रंग वापरतात.

तळचा थर वाळल्यावर मुलाने लाकडी फळीवर पाचच रंग काढले: पांढरा, पिवळ्या मातीचा, भाजक्या लाल मातीचा, गर्द निळा आणि काळा. सुरीने मिसळून त्यांच्या सात छटा ओळीने मांडल्या. सर्वांत उजळ छटेतही त्याने थोडा पिवळा घातला. त्याचे कारण असे की, नळीतला पांढरा रंग हा चित्रकाराजवळचा सर्वांत मोठा उजेड. तो गालावरच खर्च केला, तर कपाळावरच्या चकाकीसाठी काय उरणार? पहिल्या चित्रात त्याने हेच केले होते.

खिडकी उत्तरेची होती. अशा खिडकीतून ऊन येत नाही, आकाशाचा निळसर स्थिर उजेड येतो, म्हणून चित्रकार ती पसंत करतात. मुंबईत मात्र मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्यच डोक्याच्या उत्तरेकडे असतो, त्यामुळे तेथे पुस्तकातला नियम थोडा लंगडा पडतो आणि पडदा लावावा लागतो. आता भाद्रपद सरत आला होता. उजेडाची बाजू निळसर. छायेच्या बाजूवर लाकडी जमिनीवरून आणि पिवळ्या भिंतीवरून परतलेला उबदार उजेड. नाकाची सावली ओठावर पडली होती, तिची कड सुरीने कापल्यासारखी होती. गालाची छाया मात्र कोठे सुरू झाली हे सांगता येऊ नये, अशी हळूहळू गडद होत गेली होती. पहिली कड त्याने कुंचल्याच्या एका फटक्यात ठेवली, दुसरीवर दोन दिवस घालविले. हनुवटीखाली छायेतच एक मंद उजेड दिसत होता. तो त्याला आवडला, म्हणून त्याने तो जरा जास्तच उजळ केला, आणि लागलीच हनुवटी पोकळ भोपळ्यासारखी दिसू लागली. सुरीने खरवडून त्याने ती जागा पुन्हा गडद केली.

डोळे त्याने मुद्दाम शेवटी ठेवले होते. येथे त्याचा हात घुटमळला. मास्तर जवळ आले. "जा, त्याच्या डोळ्याला बोट लावून पाहा," ते म्हणाले. पहिल्या दिवशी ज्यास हात लावावयाची मनाई होती, त्या मस्तकाजवळ जाऊन मुलाने बुबुळावर बोट ठेवले. तेथे खड्डा होता! ऊदाँने बुबुळाच्या जागी खोल कोरले होते आणि वरच्या कडेशी इवलासा कण शिल्लक ठेवला होता. खड्ड्यात सावली साचे, ती दुरून काळी दिसे. कणावर उजेड पडे, तो नजरेतील तेज होई. रंगाचा एक थेंबही न वापरता शिल्पकाराने आखणी केली होती. मुलगा कितीतरी वेळ तेथून हललाच नाही.

ही अडचण शिल्पकारांना जुनीच आहे. बर्निनी हा इटालियन शिल्पकार १६६५ साली पॅरिसला आला आणि तेथे त्याने चौदाव्या लुईचा अर्धपुतळा घडविला. तेव्हा तो म्हणाला होता की, एखाद्याने आपले केस, भुवया, ओठ, डोळे सारे पांढरे करून घेतले, तर रोज भेटणारी माणसेसुद्धा त्याला ओळखणार नाहीत. म्हणून डोळ्यांभोवतीचा काळसरपणा दाखविण्यास संगमरवर जरा अधिक खोल कोरावा लागतो. म्हणजे शिल्पकार छायेने रंग दाखवितो, आणि चित्रकाराने तीच छाया पुन्हा रंगाने दाखवावयाची.

मुलाने बारीक ब्रश खाली ठेवला आणि मध्यम जाडीचा घेतला. बुबुळाचे वर्तुळ त्याने काढले नाही. खड्ड्यातील तपकिरी छाया ठेवली, तिच्या वरच्या कडेला कणाचा उजेड टेकविला, पापणीची पडछाया दिली. शेवटी शुद्ध पांढऱ्याचा एकच ठिपका कपाळाच्या उंचवट्यावर ठेवून तो मागे सरला. म्हातारा आता टक लावून पाहत नव्हता. तो नुसता हसत होता, आणि मुलगाही.

मास्तर बराच वेळ चित्राकडे आणि मस्तकाकडे आळीपाळीने पाहत राहिले. मग त्यांनी दोन्ही हातांनी तिवई धरून ती हळूच वळविली. उजेड आता व्हॉल्तेअरच्या डोक्यामागून येऊ लागला आणि चेहरा जवळजवळ सारा छायेत गेला.

"आता असा काढ," ते म्हणाले.

मुलाने फळीवरचा उरलेला रंग सुरीने खरवडला, चिंधीने पुसला आणि ओळंबा पुन्हा हातात घेतला.